नाटकातलं शिरस्त्राण प्रिंट करताना: फाइलची दुरुस्ती आणि स्लायसरच्या खोड्या

ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेलं पत्र्याचं शिरस्त्राण एक तर डोळ्यांवर येतं, नाही तर टाळूवर झाकण ठेवल्यासारखं बसतं. म्हणून मंडळाच्या ऐतिहासिक नाटकासाठी दोन सरदारांची शिरस्त्राणं आम्ही थ्रीडी प्रिंटरवर करायचं ठरवलं. घुमटासारखा टोप, वर टोक, कपाळाशी तुरा खोवायच्या दोन नळ्या, मधोमध नाकावर उतरणारी पट्टी आणि मागे मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी. फाइल इंटरनेटवरून उतरवली, स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला सूचना देणाऱ्या प्रोग्राममध्ये, टाकली आणि लगेच पिवळं उद्गारचिन्ह आलं: इतक्या चुका दुरुस्त केल्या, इतक्या कडा अजून उघड्या आहेत.

हे चिन्ह पाहून नवखा माणूस एक तर घाबरून फाइलच टाकून देतो, नाही तर ‘फिक्स मॉडेल’ दाबून मोकळा होतो. मी दुसरा प्रकार केला होता. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. कॉमिक कॉनसाठी अंतराळवीराचं किंवा रोबोचं हेल्मेट करत असाल तरी खालचं सगळं तसंच लागू पडतं, फक्त नाकपट्टीच्या जागी व्हायझर समजा.

फाइलच्या पोटात काय असतं

आपण उतरवतो ती बहुतेक वेळा एसटीएल फाइल असते. हा प्रकार १९८७ साली थ्रीडी सिस्टिम्स कंपनीच्या यंत्रांसाठी तयार झाला आणि अजून सुटलेला नाही. त्यात असतात फक्त त्रिकोण. घुमट म्हणजे एकमेकांना चिकटलेले हजारो त्रिकोण, टोक म्हणजे आणखी काही त्रिकोण. कुठला भाग टोप आणि कुठला तुरा, याची फाइलला कल्पना नसते. माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, हेही ती सांगत नाही. प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट लागतात, म्हणजे १०० एमबीची फाइल दिसली की त्यात सुमारे २० लाख त्रिकोण आहेत असं धरून चाला. २०१५ मध्ये आलेल्या थ्रीएमएफ प्रकारात माप नोंदलेलं असतं. एकाच मॉडेलच्या दोन्ही फाइली मिळत असतील तर डोळे झाकून थ्रीएमएफ घ्या.

आता नियम एकच. त्रिकोणाची प्रत्येक कड नेमक्या दोन त्रिकोणांत वाटलेली असली पाहिजे. जमिनीचा बांध दोन शेतांच्या मध्ये असतो तसं. कडेला एकच त्रिकोण असेल तर तिथे भोक आहे, म्हणजे उघडी कड. तीन किंवा चार असतील तर आत कुठला आणि बाहेर कुठला हे स्लायसरला ठरवता येत नाही. याशिवाय प्रत्येक त्रिकोणाला तोंड असतं, ते बाहेर वळलेलं हवं. काही त्रिकोण आत तोंड करून बसले की स्लायसर भरीव जागेला पोकळ समजतो आणि पोकळ जागेला भरीव.

सगळ्यात आधी माप

दुरुस्तीला हात लावण्याआधी आकार बघून घ्या, नाही तर दोन तास खपून शेवटी लिंबाएवढं शिरस्त्राण दुरुस्त केल्याचं लक्षात येतं. फाइल टाकल्यावर बेडवर, म्हणजे छपाईच्या पाटावर, काहीच दिसत नसेल तर ती बहुधा ब्लेंडर या थ्रीडी मॉडेलिंगच्या प्रोग्राममधून मीटरमध्ये आलेली आहे: ०.३ मीटरचा टोप स्लायसर ०.३ मिलिमीटर समजतो. हजार पटीने वाढवा. टोप बोराएवढा दिसत असेल तर माप इंचात आहे, स्केल २५४० टक्के करा. प्रुसास्लायसर अशा वेळी स्वतःच विचारतो की माप बदलू का. न वाचता ‘नाही’ म्हणू नका.

मग डोकं मोजा. शिंप्याची टेप भुवयांच्या वरून आणि मागच्या उंचवट्यावरून फिरवली की घेर मिळतो, मोठ्या माणसाचा साधारण ५४ ते ६० सेंटिमीटर. पण डोकं गोल नसतं. पुढून मागे आणि कानाकडून कानाकडे अशी दोन मापं वेगळी घ्या. दाराच्या चौकटीत उभं राहून डोक्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तकं टेकवली की झालं. त्यात प्रत्येक बाजूला १० ते १५ मिलिमीटर फोमसाठी मिळवा. हनुवटीपर्यंत बंद असलेलं हेल्मेट असेल तर आणखी एक माप लागतं: नाकाच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या भागापर्यंत. खालच्या तोंडातून तेवढं आत जायला हवं. हे विसरलेली हेल्मेटं बसतात छान, पण डोक्यात जातच नाहीत.

संपूर्ण टोप छापण्याआधी कपाळाच्या उंचीवरची फक्त १० मिलिमीटरची चकती कापून छापा. ३ मिलिमीटर जाडीची अशी कडी वीस-बावीस ग्रॅमची होते. डोक्यावर घालून बघा. आमच्या पहिल्या सरदाराची कडी कानावर घासत होती, आम्ही १०४ टक्के केलं आणि बसली. स्केल बदलला की तो सगळ्या भागांना सारखाच लावा. टोप १०४ आणि तुऱ्याची नळी १०० ठेवली तर नळी भोकात खुळखुळते.

जाडी आधी, दुरुस्ती नंतर

हा भाग सावकाश वाचा. हेल्मेटच्या बाबतीत निम्मी फसगत इथेच होते.

बऱ्याच फाइली, विशेषतः खेळांमधून काढलेल्या, फक्त पृष्ठभाग असतात. अंड्याचं कवच म्हणावं तर त्यालाही जाडी असते, यांना तीही नसते. स्क्रीनवर टोप झकास दिसतो. पण मानेच्या तोंडाशी सगळीकडे उघड्या कडा असतात. आता तुम्ही दुरुस्तीचं बटण दाबता. त्या बिचाऱ्या प्रोग्रामला शिरस्त्राण म्हणजे काय ते माहीत नाही. त्याला दिसतं एक भलंमोठं भोक, आणि भोक बुजवणं हेच त्याचं काम. तो मानेचं तोंड सपाट झाकणाने बंद करतो. चुकांचा आकडा शून्य होतो, उद्गारचिन्ह जातं, आणि तुमच्या हातात राहतो एक भरीव ठोकळा ज्यात डोकं घालायला जागाच नाही.

माझ्याकडून नेमकं हेच झालं. चिन्ह गेलं म्हणून मी खूश होतो. स्लाइस केल्यावर खाली सव्वा किलो फिलामेंट (प्रिंटरची प्लास्टिकची तार) लागेल असं लिहून आलं, तरी मी म्हटलं, मोठा टोप आहे, लागत असेल. मंडळातला अकरावीतला मुलगा शेजारी उभा होता, तो म्हणाला, “दादा, आत पण जाळी भरतोय की हा.” आडवा छेद पाहिला तर टोपाच्या पोटात कडेपर्यंत इन्फिल, म्हणजे भरीव भागाच्या आत भरली जाणारी जाळी. १५ टक्के इन्फिलने भरलेला घुमट सव्वा किलोचा होतो, आणि ३ मिलिमीटर भिंतीचा पोकळ टोप अर्ध्या किलोच्या आसपास. तेव्हापासून मी चुकांच्या आकड्याआधी ग्रॅमचा आकडा बघतो.

मग योग्य क्रम कसा? ब्लेंडर उघडा. फुकट आहे आणि पुरेसं आहे.

टोप आणल्यावर आधी कंट्रोल-ए दाबून स्केल पक्का करा, नाही तर पुढे जाडीचा आकडा खोटा येतो. व्ह्यूपोर्टच्या ओव्हरलेमध्ये ‘फेस ओरिएंटेशन’ लावा. बाहेरून सगळं निळं दिसलं पाहिजे. लाल चट्टे म्हणजे उलट्या तोंडाचे त्रिकोण. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबलं की बहुतेक चट्टे जातात. एखादा हट्टी राहिलाच तर तेवढाच निवडून फ्लिप करा.

त्यानंतर एम दाबून ‘मर्ज बाय डिस्टन्स’. एकाच जागी दोन-दोन बिंदू बसलेले असतात, ते एक होतात. स्लायसरने सांगितलेल्या हजारभर उघड्या कडांपैकी बऱ्याचशा इथेच मिटतात, कारण ती भोकं नव्हतीच, फक्त न शिवलेली शिवण होती. अंतर मात्र बारीक ठेवा. मोठं ठेवलंत तर कोरीव नक्षी वितळल्यासारखी होते.

आता ‘सॉलिडिफाय’ मॉडिफायर. जाडी ३ मिलिमीटर, ‘ईव्हन थिकनेस’ चालू. ऑफसेट उणे एक असेल तर जाडी आतल्या बाजूला वाढते आणि डोक्याची जागा दोन्हीकडून ३-३ मिलिमीटरने कमी होते. अधिक एक केला तर ती बाहेर वाढते, पण नक्षी थोडी फुगते. मी आत वाढवतो आणि तेवढी जागा मापातच धरतो. हे लावल्यावर मानेच्या तोंडाला काठ येतो, डोळ्यांच्या फटींनाही काठ येतो, आणि ती भोकं भोकं राहूनही मेश, म्हणजे त्रिकोणांचं हे सबंध कवच, बंद होते. वाटीलाही तोंड असतंच ना, तरी वाटी गळत नाही. तसंच.

याच्या नंतर जे उघडं उरेल ते खरं भोक. एडिट मोडमध्ये सिलेक्ट मेनूत ‘ऑल बाय ट्रेट’खालचं ‘नॉन मॅनिफोल्ड’ दाबलं की सगळ्या संशयित कडा एकदम निवडल्या जातात. लहान भोक असेल तर त्याच्याभोवतीची कड निवडून एफ दाबा, बुजतं. ब्लेंडरचं ‘थ्रीडी प्रिंट टूलबॉक्स’ नावाचं एक्स्टेन्शन बसवून घेतलंत तर ‘चेक ऑल’ने सगळी यादी मिळते. त्या यादीतलं ‘इंटरसेक्ट फेसेस’ बघून घाबरू नका, त्याबद्दल आता सांगतो.

एकमेकांत घुसलेले भाग

शिरस्त्राणाचं टोक घुमटात खुपसलेलं असतं, नळ्या कपाळात. मॉडेल करणाऱ्याने ते जोडलेले नसतात, नुसते घुसवलेले असतात. टोक आणि घुमट दोन्ही आपापल्या परीने बंद आणि बाहेर तोंड केलेले असतील तर आजचे स्लायसर त्यांना एकच धरतात. कोरायला बसू नका. पण टोकाचा तळ घुमटाच्या ३ मिलिमीटर भिंतीतून आरपार आत डोकावत असेल तर तो डोक्याला टोचणार. प्रीव्ह्यूमध्ये आतून बघा आणि बुलियनने (एका आकारातून दुसरा वजा करणारं साधन) तेवढा तासून टाका. मी तर टोक वेगळंच छापतो. उभं, नेटकं येतं, नंतर चिकटवायचं.

कड्यांची जाळी मात्र फाइलमधून काढूनच टाका. एडिट मोडमध्ये कर्सर तिच्यावर नेऊन एल दाबलं की तेवढीच निवडली जाते, मग डिलीट. ०.४ मिलिमीटरच्या नोझलने (प्लास्टिक सोडणाऱ्या तोंडाने) त्या कड्या धड येत नाहीत, आणि मेशच्या निम्म्या चुका त्यांच्याच असतात. आम्ही जाळी शेवटी त्याच ड्रेपरीवाल्याकडून आणली.

आणि फाइल इतकी फाटलेली असेल की शिवून संपतच नाही? मग ‘व्हॉक्सेल रीमेश’. सगळा आकार बारीक ठोकळ्यांत मोडून नवी, बंद मेश बनवतो. ०.५ मिलिमीटरला बरीच नक्षी टिकते, पण धारदार काठ बोथट होतात आणि जुना लॅपटॉप घामाघूम होतो. हा शेवटचा उपाय, आणि तोही जाडी दिल्यानंतरच.

आता स्लायसरकडे

स्लायसर कुठला वापरावा यावर लोक तासन्‌तास भांडतात. प्रुसास्लायसर ‘Slic3r’ नावाच्या जुन्या स्लायसरपासून निघाला, बांबू स्टुडिओ प्रुसापासून आणि ऑर्का बांबूपासून. एका घरातली भावंडं आहेत, एकाची सवय झाली की दुसऱ्यात हात बसतो. क्युरा वेगळ्या घरचा. प्रुसास्लायसरमध्ये मॉडेलवर राइट क्लिक करून विंडोजची दुरुस्ती वापरता येते. ती चांगली आहे, फक्त वर सांगितल्याप्रमाणे जाडी दिल्यानंतर वापरा आणि वापरल्यावर डोळ्यांच्या फटी शाबूत आहेत का ते बघा.

क्युरामध्ये ‘मेश फिक्सेस’ नावाचा कप्पा आहे. त्यातलं ‘युनियन ओव्हरलॅपिंग व्हॉल्यूम्स’ चालू असू द्या. ‘रिमूव्ह ऑल होल्स’ला मात्र हेल्मेटच्या वेळी हात लावू नका. नाव ऐकून वाटतं की चुकीची भोकं जातील. प्रत्यक्षात ते प्रत्येक थरात फक्त बाहेरची रेघ ठेवतं आणि आतली पोकळी पुसून टाकतं. पुन्हा तोच भरीव ठोकळा. प्रुसामध्ये ‘स्लायसिंग मोड’खाली ‘क्लोज होल्स’ आहे, त्याचाही हाच गुण. तिथे ‘रेग्युलर’च ठेवा.

स्लाइस झालं की लेयर प्रीव्ह्यूची पट्टी तळापासून माथ्यापर्यंत हळूहळू सरकवा. सगळ्या इशाऱ्यांपेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे. काय शोधायचं?

एखाद्या उंचीवर भिंत अचानक गायब होऊन पुन्हा उगवली तर त्या थरात रेघ जुळून बंद झालेली नाही, म्हणजे तिथे उघडी कड आहे. उंची मिलिमीटरमध्ये लिहून घ्या, ब्लेंडरमध्ये बरोबर तिथेच जा. सबंध मॉडेल धुंडाळायची गरज नाही.

नाकपट्टीचं टोक किंवा काठाची नक्षी दिसतच नसेल तर ते मेशचं दुखणं नव्हे. तो भाग नोझलच्या रेघेपेक्षा, म्हणजे साधारण ०.४५ मिलिमीटरपेक्षा बारीक आहे. ‘अराक्नी’ भिंती चालू करा, त्यात रेघेची रुंदी जागेनुसार बदलते. तरी नाही आलं तर मॉडेलच जाड करा.

भिंतीच्या आत आणखी एक भिंत दिसली तर आत जुना पृष्ठभाग अडकून राहिला आहे. ब्लेंडरमध्ये जाऊन तो काढा.

स्लायसर नुसता फिरत राहिला किंवा बंद पडला तर बहुधा त्रिकोण फार झालेत. प्रुसा आणि बांबूत ‘सिम्प्लिफाय’ आहे. ०.२ मिलिमीटरच्या थरात २० लाख त्रिकोणांची नक्षी तशीही उतरत नाही. आमचा टोप तीन लाखांवर आणला, फरक कुणालाच कळला नाही.

सेटिंग फार नाहीत. थर ०.२, भिंती तीन, माथ्यावरचे भरीव थर पाच, ट्री सपोर्ट (अधांतरी भागांना झाडाच्या फांद्यांसारखा टेकू). इन्फिल १० असावं की २० यावर वेळ घालवू नका: ३ मिलिमीटरच्या भिंतीत बाहेरून तीन आणि आतून तीन रेघा मिळून २.७ मिलिमीटर भरतात, इन्फिलला जागा उरतेच किती. थर जिथे सुरू होतो ती शिवण मागच्या बाजूला ठेवा, तिथे जाळी लोंबणार आहे. साहित्य साधं पीएलए चालतं, पण ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात शिरस्त्राण बंद गाडीत ठेवलंत तर संध्याकाळी वाकडं मिळेल. विदर्भातल्या मंडळींनी पीईटीजी वापरावं. आणि कितीही मजबूत झालं तरी ते घालून दुचाकीवर बसू नका.

बेडवर मावत नसेल तर

एंडर थ्रीचा बेड २२० बाय २२० चा, बांबूच्या पी वन एसचा २५६ चा. मोठ्या डोक्याचा टोप २५६ वर कसाबसा बसतो, २२० वर बहुधा नाही. कापावा लागतो. प्रुसा आणि बांबूत ‘कट’ आहे, त्यातच जोडाच्या खुंट्याही टाकता येतात. खुंटी आणि भोक यात प्रत्येक बाजूला ०.२ मिलिमीटर सैल ठेवा. कापण्याची रेघ नक्षीच्या पट्ट्याखाली न्या म्हणजे जोड लपतो. दुरुस्ती आधी, कापणं नंतर, कारण उघड्या मेशला कापलं की कापाच्या तोंडावर त्रिकोणांचा गुंता होतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

आमचा दुसरा टोप रात्री लावला होता, पहाटे वीज गेली. इन्व्हर्टरवर प्रिंटर जोडायचा राहिला होता. वीज आल्यावर प्रिंटर पुन्हा सुरू झाला, पण थंड बेडवरून टोप सुटून सरकला होता. असं झालं तर अर्धवट तुकडा फेकू नका. वरचा विसकटलेला थर पॉलिश पेपरने सपाट करा आणि व्हर्नियरने उंची मोजा. आमची ११८.४ मिलिमीटर आली. स्लायसरमध्ये मूळ मॉडेल त्याच उंचीवर कापलं, खालचा भाग टाकून दिला, वरचा सपाट बाजू खाली ठेवून छापला आणि दोन्ही चिकटवले. जोडावर पुट्टी भरून घासलं, वर काळा प्राइमर आणि त्यावर पितळी रंग. प्रयोगाला तो टोप सेनापतीच्या डोक्यावर होता, जोडाची रेघ फक्त मला दिसत होती.